दोहा ते नागपूर, व्हाया प्रेमसिंग

"तीन वाजता? शक्यच नाही!" प्रेमसिंगांनी तिकिटाचा कागद टेबलावर आपटला. "अठ्ठावीसशे किलोमीटर. साडेआठले निंगते न् तीनले पोचते म्हंते. साडेसहा तास! इतकं हळू चाललं त विमान खाली पडन ना वो!"

फुलसावंगीजवळच्या तांड्यातल्या या रिटायर एसटी ड्रायव्हरशी किलोमीटरवरून वाद घालायची सोय नव्हती. त्यांनी ताशी आठशेचा हिशेब लावला आणि विमान बाराला उतरणार, असा निकाल दिला. दोह्याचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागं असतं, ही क्षुल्लक बाब कुणी त्यांना सांगितलीच नव्हती.

"पुष्पानं तीन सांगतले," त्यांची बायको जमनीबाई म्हणाल्या.

"पॅसेंजरले काय समजते?"

बत्तीस वर्षं त्यांनी साऱ्या तालुक्याच्या लेकी माहेरी आणल्या. स्वतःच्या पोरीला घ्यायला मात्र एकदाही जमलं नाही, सदा ड्यूटी. नर्स होऊन परदेशी निघताना पुष्पा म्हणाली होती, "बा, परत येईन तवा तरी घ्याले येसान?" ते काळजात रुतलं होतं. आज ती दारातून बाहेर येईल तेव्हा समोर आपणच पाहिजे!

जफर मिस्त्रीची जीप मागून सहाला दोघं निघाले. महागाव सुटलं आणि रस्त्यावर एका बाईनं हात दाखवला. प्रेमसिंगांचा पाय आपसूक ब्रेकवर गेला.

"अवो, हे यष्टी नोहे!"

"मंग? हात दाखवला ना तिनं!"

झालं! मग प्रत्येक फाट्यावर तेच. यवतमाळला जीपमध्ये नऊ माणसं आणि दोन बकऱ्या. एका म्हाताऱ्याला तर दवाखान्याच्या पायरीशी नेऊन सोडलं. बारा वाजले तेव्हा वर्धाही आलं नव्हतं.

"उतरली असन," प्रेमसिंगांनी घड्याळ पाहिलं. "एकटीच उभी असन पोरगी."

"बोलू नका, हाना गाडी!" जमनीबाई कडाडल्या.

त्यांनी अशी हाणली की वर्ध्याला उतरणारी रामीबाई ओरडतच राहिली आणि फुकटात विमानतळ पाहून आली.

तीन वाजून दहा मिनिटांनी प्रेमसिंग धापा टाकत दाराशी पोचले. काच सरकली. पहिली बाहेर आली ती पुष्पा.

"बा! अगदी टायमावर!"

पोरीला मिठी मारून ते घळाघळा रडले. डोळे पुसताहेत तोच मागून टोपीवाला पायलट आला. प्रेमसिंगांनी त्याला अडवून कडक सलाम ठोकला.

"सायेब, तीन तास लेट आनली गाडी."

"काकाजी, पाच मिनिटं आधी आणली," पायलट चक्रावला.

"जाऊ द्या हो," प्रेमसिंग त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाले, "आपन ड्रायव्हर लोकं हाव. डेपोत मी कोनाले सांगनार नाही."