पेठ्यांच्या दोन प्रती

श्रावणातला पहिला रविवार, सकाळी दहा. स्थळ: आमच्या सोसायटीची गच्ची, डोंबिवली पूर्व. हजर: चेअरमन भोईर, मी (सचिव), बाकी तेरा सभासद आणि पेठे. एकूण सोळा. दहा पंचावन्नला हजर: पंधरा.

गेले वर्षभर माझ्या प्रत्येक इतिवृत्तात हा पंचावन्नचा आकडा आहे. विषय कुठलाही असो, पेठे घड्याळ बघतात, खुर्ची घडी करून भिंतीला लावतात आणि खाली जातात. कारण अकरा वाजता त्यांना जर्मनीहून मुलीचा फोन येतो. त्यात ते आणि ही मुलगी मुक्ता, वय वर्षं चौतीस, एका व्हिडिओ गेमची तपासणी करतात.

हा गेम मारामारीचा. पेठ्यांनी मला तो जिन्यात समजावला, माझ्या हातात भाजीच्या दोन पिशव्या असताना. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या खेळांतले पहिलवान एकाच आखाड्यात उतरवलेत. "म्हणजे वहिनी, टेंभी नाक्याच्या हंडीखाली दोन गावची गोविंदा पथकं समोरासमोर आली, असं धरा." मी धरलं. पुढे कळलं की हा गेम जपानात एक निघाला, युरोपात जरा वेगळा. कुठे रक्ताचा रंग बदलला, कुठे पहिलवानाचं नाव, कुठे एखादीचा झगा चार बोटं लांब केला. शिवाय गेमच्या चकतीत, म्हणजे सीडीत, असं बरंच काही पडून आहे जे खेळताना कधीच दिसत नाही. एक अख्खा न्हाणीघराचा आखाडा, एका पहिलवानाचा आवाज. केलं, भरलं आणि वापरलंच नाही. ते पेठे संगणकावर चकती उघडून शोधतात. यासाठी निवृत्तीनंतर दोन वर्षं दर शनिवारी ठाण्याला जाऊन जपानी शिकले.

नोकरी एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात, माल तपासणीची. ती सुटली, तपासणी सुटली नाही. "मूळ प्रतीत असं नाही," हे त्यांचं पालुपद. बहिणीकडे ठाण्याला गणपतीत गेले, तर आरती संपताच म्हणाले की ठाण्याच्या प्रतीत दोन कडवी कापलेली आहेत. पाणी जपून वापरण्याची माझी सूचना फलकावर लागली, तासाभरात बेल वाजली. "इंग्रजीत तुम्ही विनंती केलीय आणि मराठीत ताकीद दिलीय. खरं काय धरायचं?" मी म्हटलं, ताकीद धरा.

आता लिफ्टचा ठराव. चार मजले, सोळा बिऱ्हाडं, सगळ्यांचे गुडघे एकाच वयाचे. कंत्राटदाराला सोळाच्या सोळा सह्या हव्यात. पंधरा झाल्या. पेठ्यांचा विरोध नाही, पण मराठी आणि इंग्रजी मसुदा ओळीला ओळ लावून जुळवल्याशिवाय ते सही करणार नाहीत, आणि जुळवायला बसलं की तिसऱ्या परिच्छेदाला दहा पंचावन्न होतात. भोईर म्हणाले, "मॅडम, या माणसाला एकदा खुर्चीला बांधू या." ते गमतीत म्हणत नव्हते.

मी बांधाबांधी करत नाही. मी कामं संपवते. कल्याणला माझा भाचा आहे, त्याला गेमचं नाव सांगितलं. त्याने पाच मिनिटांत इंटरनेटवरून यादी काढून दिली. कुठल्या देशात काय बदललं, काय कापलं, काय वापरलंच नाही. एकूण नऊ पानं, क्रमवार. मी छापून घेतली, स्टेपल केली. पेठ्यांचं काम संपलं म्हणजे माझं सुरू.

म्हणून त्या रविवारी ते उठले तशी मीही उठले. एका हातात रजिस्टर, दुसऱ्या हातात नऊ पानं. तिसऱ्या मजल्यावर त्यांचं दार उघडंच होतं. दोन जुने टीव्ही, मध्ये लॅपटॉप, त्यात मुक्ता, विस्कटलेले केस. तिथे सकाळचे साडेसात वाजलेले.

"पेठे, हे घ्या. माझ्या भाच्याने काढून दिलंय. सगळे फरक यात आहेत, न वापरलेलंसुद्धा. आता सही करा."

त्यांनी पानं घेतली, वरची ओळ वाचली आणि दवाखान्यातून आलेला रिपोर्ट बघावा तसं माझ्याकडे बघितलं. मुक्ताने कोण आलंय विचारलं. "कोणी नाही, सोसायटीचं," म्हणाले, आणि पानं खुर्चीवर ठेवून त्यांवर बसले.

मग त्यांनी फरकांची वही उघडली. त्या दिवशीचा फरक एकच होता. दारुडा पहिलवान जिंकल्यावर हातात काय धरतो? यांच्या जपानी गेममध्ये दारूची बाटली. मुक्ताने तिकडचा गेम सुरू करून बघितलं. तिच्याकडे दूध. दोघं एवढी हसली की पेठ्यांना ठसका लागला. तिने विचारलं, खोकला कधीपासून आहे. मग तिच्या घरातला गळका नळ निघाला, नवऱ्याची नवी नोकरी निघाली. पंधरा मिनिटांतली बारा अशीच गेली.

"बाबा, अजून किती राहिलेत?" तिने शेवटी विचारलं.

"भरपूर आहेत गं."

वही माझ्यासमोर उघडी होती. याद्या मला वाचता येतात. शेवटच्या पानावर चार ओळी सोडल्या तर सगळीकडे बरोबरच्या खुणा होत्या, आणि प्रत्येक खुणेशेजारी एका रविवारची तारीख. एका रविवारी दोन खुणा कधीच नाहीत.

फोन ठेवल्यावर पेठे बराच वेळ वायरी गुंडाळत बसले.

"तिच्या लग्नाला मी गेलो नाही, वहिनी. माझाच हट्ट. तीन वर्षं बोलली नाही. लहानपणी हा गेम आम्ही खेळायचो, जपानी कुणाला येत होतं, पहिलवानांची भांडणं आम्हीच मराठीत करायचो. मग एक दिवस मेसेज आला. नमस्कार नाही, काही नाही. इथल्या जुन्या बाजारात आपला गेम मिळाला, यात रक्त पांढरं आहे. एवढंच."

मग उठले आणि खुर्चीवरची पानं मला परत दिली. चुरगळलेली, पण वरच्या ओळीपुढे न वाचलेली. जन्मभर समोर आलेला प्रत्येक कागद शेवटपर्यंत वाचलेला माणूस.

"घेऊन जा. आणि त्या भाच्याला सांगा, मला काही पाठवू नको."

"ते राहिलेले चार संपले की मग?" मी विचारलं.

"चकतीत अजून शोधतोय," ते म्हणाले.

मी रजिस्टर उघडलंच नाही. गच्चीवर भोईर सतरंजी झटकत होते. सही झाली का म्हणून विचारलं. मी म्हटलं, नाही, आणि यापुढे सभा रविवारी संध्याकाळी पाचला. का, ते त्यांनी तीनदा विचारलं. मी उन्हाचं कारण सांगितलं. श्रावणात.

नऊ पानं फाडून टाकली. पाचची सूचना मात्र अजून फलकावर लावायची राहिली आहे, आणि सोळावी सही.