झाकणाखालचे एकशे दहा अंश

यंत्राने दाखवलेल्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही, एवढाच साधा निर्णय मी त्या सोमवारी घेतला. त्यासाठी एक वेगळा थर्मामीटर आणला आणि एक शंभर पानी वही. ह्यात कुणाचं काही बिघडेल असं मला वाटलं नव्हतं. (मला कधीच वाटत नाही. बायकोला आधीच वाटतं.)

यंत्र म्हणजे अंगणातलं आमचं कोंबडी भाजायचं ग्रिल. कोळशाचं नव्हे, पेलेटचं. पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या कांड्या. त्या बाजूच्या डब्यात ओतायच्या, हवं ते तापमान लावायचं आणि खुर्ची टाकून बसायचं. मोटार लागतील तेवढ्या कांड्या आगीत सोडते, पंखा वारा घालतो आणि तापमान म्हणे एका जागी राहतं. आमचं मात्र आदल्या रविवारी एका जागी राहायला तयारच नव्हतं. एकशे दहा लावावं तर सत्तर, आणि सत्तर का म्हणून बघायला जावं तर एकशे साठ. कोंबडी बाहेरून काळीठिक्कर झाली आणि आतून इतकी कच्ची राहिली की उठून चालू लागली असती तरी मला नवल वाटलं नसतं. जेवायला आलेल्या मेव्हण्यांना पाव आणि उकडलेली अंडी खाऊन घरी जावं लागलं.

हे मेव्हणे म्हणजे बायकोचे थोरले भाऊ. मऊ आवाजाचा, हसतमुख माणूस. जाताना त्यांनी ग्रिलवरून प्रेमाने हात फिरवला आणि म्हणाले, "माझ्याकडे द्या, जावईबापू. मी बघतो."

ह्या "मी बघतो"ने आजवर आमच्या घरातून इस्त्री, मिक्सर आणि सायकल नेलेली आहे. तिन्ही वस्तू त्यांच्याकडे उत्तम चालतात. सायकलवर तर त्यांनी सहा किलो वजन उतरवलं. मी नको म्हणालो, तेव्हा बायकोनेच निवाडा दिला. पुढच्या रविवारी दादा-वहिनी परत जेवायला येतील. त्या दिवशी ह्याच ग्रिलवर कोंबडी नीट शिजली तर ते आपलं. नाही शिजली तर दादा घेऊन जातील, आणि मग पुन्हा विषय काढायचा नाही. मी कबूल झालो. इस्त्री गेली, मिक्सर गेला, पण ह्या वेळी मी हटणार नव्हतो.

मी नोकरी करतो पडताळणी विभागात. दोन कारकुनांनी तपासलेला आकडा तिसऱ्यांदा तपासणं, हे माझं काम. बावीस वर्षांत स्वतः न बघितलेल्या आकड्यावर मी सही केलेली नाही. तेव्हा ग्रिलचं हे प्रकरण माझ्याइतकं शिस्तीत दुसरं कोण हाताळणार? मी आठवडाभर संध्याकाळच्या चाचण्या लावल्या. ऑफिसातून यायचं, ग्रिल पेटवायचं आणि दर पाच मिनिटांनी आपल्या थर्मामीटरने आतलं तापमान घेऊन वहीत लिहायचं. डावीकडे वेळ, मधे ग्रिल काय म्हणतंय ते, उजवीकडे खरं काय ते. शेवटी शेरा.

सोमवारचा शेरा होता, "राख साचली आहे." मी आगीच्या भांड्यातली राख घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढून काढली. राख अजून कोमट होती हे मला क्लीनरच्या पिशवीतून धूर येऊ लागल्यावर कळलं. मंगळवारी मी आतली तापमान मोजणारी सळई तुपकट झालेली बघून जुन्या टूथब्रशने लखलखीत घासली. (तो ब्रश जुना नव्हता, असं बायकोचं म्हणणं पडलं. त्यावरून रात्रीचं जेवण फार शांततेत झालं.) बुधवारी मला कांड्या दमट असल्याचा संशय आला, म्हणून त्या पिठाच्या चाळणीने चाळून धुतलेल्या चादरीवर वाळत घातल्या. गुरुवारी वारा लागतोय असं ठरलं आणि मी कपाटाचं एक दार काढून ग्रिलला आडोसा केला. शुक्रवारी बायकोने विचारलं की कपाटाला आडोसा कशाचा करायचा.

तापमान तसंच. पन्नास, दीडशे, ऐंशी, एकशे सत्तर. माझी वही भरत चालली आणि आशा आटत चालली. पण मी मागे हटणारा नव्हतो. शनिवारी तर मी आठ तास बसलो आणि दर पाच मिनिटांच्या ऐवजी दर तीन मिनिटांनी नोंद घेतली. तापमान आणखीच बेताल झालं.

रविवारी नऊ वाजता दोन कोंबड्या आत ठेवल्या. अकरापर्यंत माझ्या चाळीस नोंदी झाल्या होत्या, कोंबड्या मात्र शेकोटीला बसल्यासारख्या नुसत्या कोमट होत्या. त्यात मेव्हणे दोन तास आधीच हजर झाले. गाडीची मागची सीट त्यांनी घरूनच आडवी करून आणली होती. शेजारी दोराचं वेटोळं होतं. वहिनी म्हणाल्या, दोर नेहमी गाडीतच असतो.

शेवटी मी मान खाली घालून मेकॅनिकला फोन केला. तो लगेच निघाला खरा, पण त्याला आमची गल्ली सापडेना. म्हणून वही बायकोच्या हाती देऊन मी त्याला आणायला कोपऱ्यावर गेलो. तो भलत्याच कोपऱ्यावर उभा होता, मी ह्या कोपऱ्यावर. आमची गाठ पडून घरी यायला पाऊण तास गेला. आलो तेव्हा बायको भाजी चिरत होती आणि वही टेबलावर बंद होती.

मेकॅनिक हात मागे बांधून ग्रिलसमोर उभा राहिला. एकशे दहा. पाच मिनिटं गेली. एकशे दहा. दहा मिनिटं गेली. एकशे दहा. मेव्हणेही येऊन उभे राहिले.

"कुठे हलतंय?" मेकॅनिक म्हणाला.

दुखणारा दात डॉक्टरसमोर दुखायचा थांबावा तसं झालं होतं. थांबा, दाखवतो, असं म्हणून मी झाकण उघडलं, थर्मामीटर आत धरला, नीट वाचला, खात्रीसाठी पुन्हा वाचला आणि विजयाने ओरडलो, "बघा, पंच्याहत्तर. पडलं की नाही?"

"पडणारच," मेकॅनिक म्हणाला. "तुम्ही झाकण उघडलंत."

मग त्याने मला शाळेतल्या मुलाला सांगावं तसं समजावलं. झाकण उघडलं की ऊब जाते. यंत्राला वाटतं आग विझत आली, म्हणून ते भराभर कांड्या सोडतं. झाकण लावलं की आग भडकते. ती किती भडकली हे बघायला आपण परत झाकण उघडतो. आणि हे तर माहितीपुस्तकात पहिल्याच पानावर छापलंय, तेही चौकट करून. पहिलं पान मी वाचलं नव्हतं. बावीस वर्षांत पहिल्या पानावर कामाचं काही आलेलं मी बघितलेलं नाही.

दिवसाला किती वेळा उघडता, असं त्याने विचारलं. बायकोने वही त्याच्यापुढे केली. त्याने चार पानं उलटली, माझ्याकडे बघितलं आणि वही अदबीने मिटली.

कोंबड्यांना अजून दीड तास हवा होता. मी शपथेवर सांगितलं की आता हात लावणार नाही. सगळ्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. तो झाकणाच्या मुठीवर होता. तो तिथे कधी गेला, देव जाणे.

"अहो," बायको शांतपणे म्हणाली, "तुम्ही बाहेर जा."

मी गेलो. गल्लीच्या टोकाच्या बागेतल्या बाकावर दीड तास काढला आणि हाक आल्यावर परतलो. कोंबडी अशी झाली होती की काटा लावताच हाडापासून सुटत होती. मेव्हण्यांनी तीनदा वाढून घेतलं, चौथ्यांदा ताटली पुढे केली, आणि मग बाहेर जाऊन गाडीची सीट उभी केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एक वस्तू आमच्या घरी राहिली होती.

तेव्हापासून ग्रिल आमचंच आहे आणि दर रविवारी पेटतं. ते पेटलं की मी बाहेर, एवढीच अट. सगळ्या गल्लीला हे ठाऊक झालंय. मी बाकावर दिसलो की शेजारीण आमच्याकडे वाटी घेऊन जाते. सुरुवातीला मी निदान फोन करून तापमान विचारायचो. बायको न चिडता सांगायची, एकशे दहा. मग एका रविवारी मला राहवेना, आणि मी अगदी हळूच म्हटलं, "अगं, एकदा झाकण उघडून खात्री करतेस का?"

आता रविवारी माझा फोनही घरीच राहतो.