शेवटची धार

कऱ्हाडातल्या यशवंत काशीदांच्या वस्तऱ्याने त्या सकाळी सांगितलं, की शेवटची धार कुणाकडून लावून घ्यायची हे यापुढे तो स्वतः ठरवील. यशवंतरावांची हरकत नव्हती. फक्त गिऱ्हाईक फेस लावून बसलं आहे, एवढं त्यांनी लक्षात आणून दिलं.

गिऱ्हाईक म्हणजे दिगंबर नलवडे. साखर कारखान्याच्या काट्यावर उसाच्या गाड्या तोलणारे, पन्नाशीला आलेले, बिनलग्नाचे. कॉलेजात राखलेली दाढी ते आज प्रथमच उतरवत होते. सुमन शेवाळे या पापडाचा व्यवसाय करणाऱ्या बाईंशी त्यांचं जमत आलं होतं, पण अर्धा चेहरा बघून होकार देणार नाही, असं बाईंनी स्पष्ट कळवलं होतं. दुपारी त्या सलूनमध्येच येणार होत्या. आपली हनुवटी कशी आहे हे दिगंबररावांनाही आठवत नव्हतं, आणि तीच धास्ती होती.

वस्तऱ्याने आधी जपानी दगडाला बोलावलं. त्याच्यावर धार लखलखीत आली. डाव्या गालावर एक पट्टा मारून वस्तऱ्याने गिऱ्हाइकाचं मत विचारलं. जरा झोंबतंय, असं दिगंबरराव म्हणाले. दगड हुशार आहे पण तापट आहे, असा शेरा देऊन वस्तऱ्याने त्याला बसायला सांगितलं.

मग नदीतला काळा दगड आला. तो फार शांत निघाला. त्याचं काम होईपर्यंत फेस वाळला आणि यशवंतरावांना पुन्हा ब्रश फिरवावा लागला. तिसरा होता हिरवी पेस्ट चोपडलेला चामड्याचा पट्टा. त्याची धार गालाला इतकी मऊ लागली, की दिगंबररावांनी डोळे मिटले. वस्तरा मात्र भुलला नाही. पट्टा गोड बोलून धार बोथट करतो, हनुवटीपर्यंत ती टिकायची नाही, असं त्याचं म्हणणं पडलं.

यापैकी कुणीही चालेल, असं यशवंतरावांनी सुचवून पाहिलं.

"ओरखडा उठला तर नाव माझं खराब होतं, यशवंतराव," वस्तरा म्हणाला.

तेवढ्यात दुपार झाली आणि सुमनताई आल्या. गालावरचे तीन पट्टे बघून त्यांनी काम कशावर अडलंय ते विचारलं. यशवंतरावांनी सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि उजवा तळवा पुढे केला. वर्षानुवर्षं पापडाचं पीठ तिंबून तो गुळगुळीत आणि घट्ट झाला होता.

"यावर बघा."

यशवंतरावांनी वस्तरा आडवा धरून, पाठीकडून, अलगद दोन-चारदा फिरवला.

"नेमणूक झाली," वस्तरा म्हणाला.

पुढची दाढी कशी झाली ते दिगंबररावांना कळलंसुद्धा नाही. यशवंतरावांनी टॉवेल काढला. हनुवटी लहान होती, किंचित डावीकडे झुकलेली. दिगंबररावांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. सुमनताईंनी या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं.

"तुम्ही लाजता ते आता दिसतं," त्या म्हणाल्या. "मला पसंत आहे."

लग्नात वस्तरा, नेमणूक सुमनताईंच्या तळव्याची म्हणून, मुलीकडच्या पंगतीत बसला. गंज चढेल म्हणून त्याने मठ्ठा नाकारला. जिलेबी मात्र दोनदा मागून घेतली.