तोंडाला कुलूप

दाराच्या कडीचं कुलूप जागेवर नव्हतं आणि बिट्टीही नव्हती. आईच्या काळजात धस्स झालं. पोरगी आत्ता तर इथेच होती!

आई मघाशी फोनवर बहिणीशी बोलत होती. विषय नेहमीचाच: खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या काकू. बिट्टी स्वमग्न होती. शाळेतून आली की मनसोक्त उड्या मारल्याशिवाय तिचा जीव थाऱ्यावर येत नसे. उड्या थांबल्या की काकू वर हजर. "आज फार जोरात होत्या हं उड्या!" आईने घरभर गाद्या अंथरल्या, तर म्हणाल्या, "आज आवाजच नाही आला!" इतका तिरकस टोमणा आईने सासरीसुद्धा ऐकला नव्हता. उड्यांपायीच आधीची दोन घरं सोडावी लागली होती. दुसरं सोडल्यावर बिट्टी कितीतरी दिवस एक शब्द बोलली नव्हती. आता हेही सुटलं तर, या धास्तीने आईची झोप उडाली होती. म्हणून तर ती बहिणीला तणतणत म्हणाली, "त्या बाईच्या तोंडाला एकदाचं कुलूप लावायला हवं!"

आपलं वाक्य आठवलं आणि आईला दरदरून घाम फुटला. बिट्टीच्या लेखी शब्दाचा अर्थ शब्दाएवढाच असे. आई तशीच खाली धावली. मागे दार धाडकन लागलं, तेही तिच्या ध्यानात आलं नाही.

काकूंच्या जाळीच्या दारातून तिने आत पाहिलं. शिलाई मशीनपुढे काकू आ वासून बसल्या होत्या आणि बिट्टी कुलूप घेऊन त्यांच्या तोंडात डोकावत होती.

"कडीच नाहीये," बिट्टी म्हणाली. "मग लावू कुठे?"

"बिट्टी!" आई किंचाळली.

बिट्टी गडबडली. तिने इकडेतिकडे पाहिलं. जाळीच्या दाराला आतून कडी होती. खट्! काकू आणि बिट्टी आत, आई बाहेर.

"अगं बाई! किल्ली कुठाय?" काकूंनी विचारलं.

"घरात," आई म्हणाली.

"मग आणा की."

"येताना मागे दार लागलं बहुतेक. त्याचीही किल्ली आतच."

"पण माझ्या तोंडाला कुलूप कशाला गं?" काकूंनी बिट्टीला विचारलं.

"आई म्हणाली, लावायला हवं."

धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं आईला झालं. "माफ करा हो, मी आपलं रागाच्या भरात..."

"थांबा. घरमालकांकडे तुमच्या दाराची जादा किल्ली असेल. मीच फोन करते. नाहीतरी मला तुमच्याबद्दल त्यांच्याशी बोलायचंच होतं."

आई मनात म्हणाली, गेलं, तिसरंही घर गेलं!

घरमालक आले. त्यांनी वरचं दार उघडून दिलं, आईने किल्ली आणली, कुलूप निघालं. "हं, बोला," ते काकूंना म्हणाले. "तक्रार काय?"

"यांनी घरभर गाद्या घातल्यात. त्या आधी काढायला सांगा."

"गाद्या?" घरमालक चक्रावले.

"पोर उड्या मारतेय की कोपऱ्यात रडतेय, खाली कळायला नको? माझा लेक अस्साच नाचायचा. आता नोकरीनिमित्त लांब असतो. तेव्हा साध्या चौकशीलाही आमचं दार कुणी वाजवलं नाही. म्हणून मी रोज वर जाते, तर या 'सॉरी, सॉरी' म्हणत दार लावून घेतात!"

"पण तुम्ही टोमणे मारायचात ना?" आईने विचारलं.

"कसले टोमणे? जोरात होत्या म्हटलं, म्हणजे जोरात होत्या. पोरगी खुशीत असणार, एवढंच."

"मला कळलं होतं," बिट्टी म्हणाली.

आई लेकीकडे बघतच राहिली. सगळ्या जगाचं बोलणं उलगडून सांगायचं ते हिला, आणि हिला कळलेलं आपल्याला कळू नये! तिला हसूही येईना, रडूही येईना.

"संध्याकाळी हिला माझ्याकडे सोडत जा," काकू म्हणाल्या. "जरा झोपा तुम्ही. डोळे बघा कसे झालेत."

असं आजवर तिला कुणीच म्हटलं नव्हतं. मग मात्र ती घरमालकांसमोरच हमसाहमशी रडली, आणि ते बिचारे गोंधळून मशीनवरचं कापड घडी करत बसले.

वर जाऊन आईने गाद्या गुंडाळल्या. उघड्या फरशीवर बिट्टीची पहिली उडी पडली आणि सवयीने आईचा श्वास अडकला. खालच्या खिडकीतून आवाज आला, "अजून जोरात!"

बिट्टीला कुठलीच गोष्ट दोनदा सांगावी लागत नसे.