बाईंची शुद्ध हरपते

दमयंतीबाई अंगणवाडीच्या चटईवर बेशुद्ध पडल्या, तेव्हा खिडकीतून कोवळं ऊन आत आलं होतं आणि मागच्या सुरूच्या बनात वारा हलके हलके घुमत होता. पडणं अर्थातच खोटं होतं. मुलांना प्रथमोपचार शिकवायचा तर पेशंट हवा, आणि मदतनीस दर्शना खिचडीत अडकलेली. तेव्हा बाईच पडल्या.

आज पर्यवेक्षिका वेदिका मॅडम तपासणीला येणार होत्या. पट कमी म्हणून ही अंगणवाडी बंद करावी आणि मुलं हमरस्त्यापलीकडच्या अंगणवाडीत पाठवावीत, असं त्यांच्या मनात होतं. त्या रस्त्याने गणपतीपुळ्याला जाणाऱ्या गाड्या अशा सुटतात, जणू देव आत्ता दार लावून घेणार आहे. चार वर्षांची पोरं तो कशी ओलांडणार, या काळजीने बाईंच्या डोळ्याला रात्रभर डोळा लागला नव्हता. आज मुलांनी मॅडमना खूश केलं तरच काही आशा होती.

मुलांची तयारी मात्र पक्की होती. पेशंटच्या खांद्यावर हात ठेवून नाव विचारायचं. बरोबर सांगितलं तर शुद्धीवर आहे. चुकलं तर कुशीवर वळवायचं, उठू द्यायचं नाही, तोंडात पाणी घालायचं नाही, कांदा हुंगवायचा नाही आणि मोठ्या माणसाला हाक मारायची. हे सगळं त्यांनी गाण्यासारखं पाठ केलं होतं.

आडवं झाल्यावर सुरूचा आवाज आणि समुद्राचा आवाज एकमेकांत मिसळून गेले. बाई चालत चालत थेट हर्णेला, माहेरच्या वाळूवर पोचल्या. संध्याकाळ होती, होड्या लागत होत्या, मासळीचा लिलाव रंगला होता आणि गर्दीत कुठेतरी आई उभी होती. कोणीतरी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"तुजा नाव काय गो?" चिमुकल्या पूर्वीने विचारलं.

"हौसा," बाई झोपेतच गोड हसून म्हणाल्या.

मुलं आणखी जवळ सरकली. लग्नात मुलीचं नाव बदलतात, हे त्यांना अजून कोणी शिकवलं नव्हतं.

"ह्या नाव बाईंचा नाय," पूर्वी हळूच म्हणाली. "बाईंची शुद्ध गेली."

मग सगळं शिकवल्याप्रमाणे झालं. बाईंना कुशीवर वळवण्यात आलं. मुलांनी आपापले रुमाल त्यांच्या हाताला, पायाला आणि उरलेले कपाळाला बांधले. सर्वेश मोठ्या माणसांना बोलवायला धावला, आणि दादूची रिक्षा व बाईंची सासू सत्यवती असं दोन्ही घेऊन आला. सत्यवतीने येतानाच कांदा फोडून आणला होता. तो पोरांनी दारातच काढून घेतला.

या गडबडीत बाईंना जाग आली. त्या उठायला गेल्या, तर सहा-सात पोरं अंगावर बसली. आपण दमयंतीच आहोत, असं त्यांनी परोपरीने सांगितलं. पण आता बरोबर सांगून काय उपयोग, आधी चुकलात ना, असं मुलांचं म्हणणं पडलं. त्याच वेळी वेदिका मॅडम दारात उभ्या राहिल्या. त्यांनी घाबरून पाण्याची बाटली पुढे केली, तीही सर्वेशने हिसकावली.

मॅडम थक्क झाल्या. इतकं खरं वाटणारं प्रात्यक्षिक त्यांनी जिल्ह्यात पाहिलं नव्हतं. बाईंनीही सुटकेचा निःश्वास सोडला. पण लहान मुलं खोटं बोलत नाहीत, हीच तर त्यांची खोड.

"बाई घोरत होती," पूर्वीने सांगितलं.

मॅडमचा चेहरा उतरला. बाईंना वाटलं, आता मुलं रस्त्यापलीकडे गेलीच. त्यांचे डोळे भरून आले. डोळा लागला, हर्णेला गेले होते, आईकडे, एवढंच त्या कसंबसं म्हणाल्या. सत्यवतीने हौसा हे सुनेचं माहेरचं नाव असल्याचा खुलासा केला. तोही मॅडमना पटलेला दिसला नाही.

"नुसतं आडवं झाल्यावर कोणाला झोप लागते का?" त्या म्हणाल्या. "सरका. मी पेशंट होते. बघू मुलांना खरंच किती येतं ते."

बाई रुमालांसकट बाजूला सरकल्या. मॅडम चटईवर आडव्या झाल्या, त्यांनी पर्स उशाला घेतली आणि डोळे मिटले. बाहेर वारा होता. मुलं वाट बघत बसली. बऱ्याच वेळाने पूर्वीने त्यांच्या खांद्यावर अलगद हात ठेवून नाव विचारलं.

मॅडमच्या कपाळावरची आठी हळूहळू मिटली.

"सावी," त्या बारीक आवाजात म्हणाल्या. "हेदवीची."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. कोणी काही न सांगता त्यांनी बाईंचे रुमाल सोडून घेतले आणि मॅडमना बांधायला सुरुवात केली. दादूने रिक्षा बंद केली. खिचडी होऊन निवली, तरी त्यांना कोणी उठवलं नाही.

जाग्या झाल्यावर मॅडमनी डोक्याचा रुमाल सोडून पूर्वीला दिला. बाईंकडे बघायचं टाळून त्या म्हणाल्या, "ही अंगणवाडी कुठेही हलायची नाही. पुढच्या महिन्यात परत तपासणी करीन."

दारापाशी त्या जरा घुटमळल्या.

"पेशंट मीच होईन," त्या म्हणाल्या.