परवाचा पाऊस

"परवा दुपारी नक्की पडतोय," अंदाजकार फोनवर बोलून गेले आणि आपलंच वाक्य ऐकून दचकले.

हवामान कार्यालयात ऋतूच्या पावसाचा अंदाज काढणं हेच त्यांचं काम. समोरच्या नकाशावर चित्र स्वच्छ होतं. विषुववृत्तालगतच्या दूरच्या महासागराचं पाणी नेहमीपेक्षा अंशभर जास्त तापलं होतं, त्यामुळे वारे सुस्तावले होते, ढगांनी तिकडेच मुक्काम ठोकला होता आणि इकडचा पाऊस किमान तीन आठवडे लांबणार होता. तसं पत्रक त्यांनीच सकाळी सही करून पाठवलं होतं.

पण बायको उन्हाळा सोसवेना म्हणून थंड हवेच्या गावी थोरल्या बहिणीकडे गेली होती. "पाऊस पडला की येते," म्हणाली होती. त्याला चव्वेचाळीस दिवस झाले होते. अंदाजकार जेवताना समोरच्या रिकाम्या खुर्चीला "मीठ कमी पडलं का?" असं विचारू लागले होते. तिचा कंगवा आरशाखाली जसाच्या तसा होता. त्याला हात लावायचं धाडस त्यांना होत नव्हतं. म्हणून तिनं "अहो, पाऊस कधी?" असं विचारताच जीभ घसरली.

मेहुणीनं फोन स्पीकरवर ठेवला होता, हे त्यांना तासाभरानं कळलं. साडूंचाच फोन आला.

"साडूभाऊ, तुमच्याकडे परवा, म्हणजे आमच्या डोंगरात उद्याच की हो!"

"तसं अगदी... म्हणजे..."

"खात्यातल्या माणसानं सांगितलंय, आता शंका कशाला? गच्चीवरचं सगळं खाली घेतो."

साडूंनी सामान खाली घेतलं ते पाहून सगळ्या गल्लीनं घेतलं. लाँड्रीवाल्यानं दोऱ्या सोडल्या. शाळेनं मैदानावरच्या शर्यती रद्द केल्या. दुसऱ्या दिवशी गावात कडकडीत ऊन पडलं आणि तिथल्या वार्ताहरानं थेट कार्यालयात फोन लावला. पत्रक तीन आठवडे म्हणतं, अधिकारी उद्या-परवा म्हणतात, खरं काय?

साहेबांनी अंदाजकारांना बोलावलं. "हे 'परवा' कुठल्या आकडेमोडीतून आलं?"

"घरगुती आहे, साहेब."

साहेबांनी चष्मा काढला. "वहिनींना जाऊन किती दिवस झाले?"

"पंचेचाळीस."

साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. "कार्यालयाचा अंदाज कायम आहे, एवढंच लिहून द्या. कारण लिहू नका."

खुलासा दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरात आला. आता खरं सांगावं म्हणून अंदाजकारांनी धीर करून फोन लावला. मेहुणी तुटकपणे म्हणाली, "ती मघाच्या गाडीनं निघालीसुद्धा."

बिचारी पावसाच्या आशेनं येणार, इथलं ऊन बघणार आणि आल्या पावली परत फिरणार! अंदाजकार अर्ध्या दिवसाची रजा टाकून स्टँडवर जाऊन उभे राहिले. डांबर पायाखाली मऊ झालं होतं.

ती उतरली. तिनं वर पाहिलं. आभाळ घासलेल्या परातीसारखं लखलखत होतं.

"अगं, त्या महासागराचं पाणी..." त्यांनी सुरुवात केली.

"ठाऊक आहे. पेपरात वाचलं. तीन आठवडे."

"मग आलीस कशी?"

"भावजींनी गच्चीवरच्या अकरा कुंड्या आणि सिमेंटची पोती माझ्या खोलीत रचली. झोपू कुठे?" ती पदरानं कपाळ टिपत म्हणाली. मग आवाज उतरला. "आणि तीस वर्षांत तुम्ही पावसाला कधी 'नक्की' म्हणाला नाहीत. नेहमी 'शक्यता आहे.' म्हटलं, घरी काहीतरी बिघडलंय."

अंदाजकारांनी तिच्या हातातली बॅग घेतली.

"एक सांगायचं राहिलं," ती म्हणाली. "गल्लीत भावजींची फार शोभा झालीय. पाऊस पडेपर्यंत तोंड दाखवणार नाही म्हणतात. ताई आणि ते संध्याकाळच्या गाडीनं येतायत. आपल्याकडे राहायला."

"पाऊस पडेपर्यंत?"

"पाऊस पडेपर्यंत."

अंदाजकारांनी घड्याळ पाहिलं. संध्याकाळची गाडी पोचायला साडेचार तास होते. आयुष्यभर बसनं फिरलेल्या त्या माणसानं हात वर करून टॅक्सी थांबवली.

"लवकर चला," ते ड्रायव्हरला म्हणाले, "जवळच्या रस्त्यानं."