अकरा टाक्यांची किटली

"वहाब-अका, आत यायच्या आधी ऐका. कौतुकाचा एक शब्द काढायचा नाही!" मावलुदाने जुन्या वस्तूंच्या पारख्याला दारातच बजावलं. "पाहुण्यानं वस्तू वाखाणली की सासूबाई ती त्याच्याच पदरात घालतात. परवा माझा गालिचा गेला."

बुखाऱ्यातली ही रीत बीबीसोरा म्हातारी इतकी पाळायची की गावात तिचं दातृत्व गाजत होतं. दान मात्र कायम सुनेच्या माहेरच्या वस्तूंचं. आता उरली होती आईने दिलेली चिनी मातीची लाल किटली. ती विकून मावलुदाला शिवणयंत्र घ्यायचं होतं, म्हणजे चार पैशांसाठी म्हातारीपुढे हात पसरणं संपलं असतं.

म्हातारी समोरच ठाण मांडून बसली. वहाब-अकांनी किटली उलटी केली. बुडाला घोडेस्वाराचा शिक्का होता.

"अरेरे! रशियातल्या गार्डनर कारखान्याची, अस्सल. दीडशे वर्षांचा कचरा."

"किती वाईट?" मावलुदाने श्वास रोखून विचारलं.

"इतकी वाईट, की दोन शिवणयंत्रं येतील."

"मेल्या, माझ्या घरात बसून माझ्याच किटलीला नावं ठेवतोस?" म्हातारी कडाडली.

"आजी, तोटी पितळेची, मागाहून बसवलेली. तडकलेल्या पोटाला तारेचे अकरा टाके. फुटक्याला भाव कसला!" असं म्हणत त्यांनी बोट आत घातलं आणि त्यांचे डोळे विस्फारले. "आत भोकच नाही! टाका अर्ध्या जाडीतच थांबलाय. वा! काय हात त्या कारागिराचा!"

मावलुदाने कपाळावर हात मारला.

"सूनबाई, बांधून दे."

"नको हो आजी!"

"माझं दान नाकारतोस?"

वहाब-अकांनी तीनदा 'नको' म्हटलं. चौथ्यांदा म्हटलं नाही. पिशवी त्यांनी घरूनच आणलेली होती.

दुसऱ्या दिवशी मावलुदा रोट्या घेऊन त्यांच्याकडे पाहुणी गेली. माणूस हुशार. फळ्या रिकाम्या, गालिचे गुंडाळलेले, पेलेसुद्धा गायब. उघड्या भिंतीला टेकून वहाब-अका गालात हसत होते.

"बोला ताई, काय आवडलं?"

मावलुदाने चारी भिंती पाहिल्या. मग हात छातीवर ठेवून, शेजारपाजारच्या बायकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "तुमचा प्रामाणिकपणा, वहाब-अका! अख्ख्या बुखाऱ्यात असा नाही!"

वहाब-अकांचं हसू मावळलं. पाहुणीने वाखाणलं, म्हणजे देणं आलं. आणि तो तर घरात औषधालाही नव्हता.

मुकाट्याने आत जाऊन त्यांनी किटली आणली.